माहेरचं सुतक

आपली बायको माधवी गेली हे आदिनाथला एका अनोळखी ट्रकवाल्याच्या मोबाइलवरून कळलं. उर्से टोलनाक्याच्या अलीकडे कांद्याचा ट्रक कलंडला होता आणि आदिनाथ सकाळपासून क्रेन लावून तो सरळ करत होता. त्याचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला होता. साखळी ताणली, ट्रक चाकांवर आला, तेवढ्यात कडेला बसलेला ड्रायव्हर क्लीनरला म्हणाला, "आयला, ती माहेरच्या गाडीवाली ताई गेली की. आमची घरची रोज बघायची तिला."

आदिनाथने त्याच्या हातातून फोन घेतला. माधवीचा हसरा फोटो होता, मोरपंखी साडीतला, आणि खाली तिचं नाव. त्याने फोन परत दिला. साखळीचा हूक सोडवायचा राहिला होता, तो सोडवला. मग केबिनमध्ये चढून स्वतःचा फोन बघितला. चॅनेलच्या प्रदीपचे कॉलवर कॉल येऊन गेले होते.

खंडाळ्याच्या बंगल्यात शूटिंग चालू होतं. मेकअप करून माधवी खुर्चीत बसली आणि बोलवायला माणूस गेला तेव्हा तिने मान टाकली होती. इतक्या वर्षांच्या साखरेनंतर हृदयाचा झटका आला तरी माणसाला दुखत नाही, असं डॉक्टरांनी आदिनाथला सांगितलं. तिला त्रास झाला नाही, असा त्याचा अर्थ त्याने लावला आणि पुढे काही विचारलं नाही.

माधवी वडगावची. शाळेत असतानाच तिला साखरेचा आजार जडला, तो लहान मुलांना होतो तसला, रोज इन्सुलिनची सुई घेतल्याशिवाय न जगू देणारा. बघण्याच्या कार्यक्रमात तिने आदिनाथला सरळ सांगितलं होतं की मला जन्मभर सुई टोचावी लागणार, तुमच्या आईला चालेल का ते विचारून या. आदिनाथ म्हणाला होता, आईला कशाला विचारू, सुई तिला थोडीच टोचायचीय. त्यावर ती जी हसली, तिथेच लग्न ठरलं. मूल झालं नाही. डॉक्टरांनी धोका सांगितला आणि दोघांनी तो विषय मिटवला.

आधी ती लोणावळ्याच्या केबलवर बातम्या वाचायची. मग मोठ्या चॅनेलने उचललं. 'माहेरची गाडी' हा तिचा कार्यक्रम घरोघर पोचला. झेंडूच्या माळा घातलेली जीप घेऊन ती एखाद्या सासुरवाशिणीच्या दारात जायची आणि तिला एका दिवसासाठी माहेरी घेऊन जायची. चॅनेलने एकच अट घातली होती, सुईचं बोलायचं नाही, बघणाऱ्यांचा मूड जातो. ती अट माधवीने बरीच वर्षं पाळली. मग एका गौरीच्या दिवशी, तळेगावच्या एका घरात कार्यक्रम थेट दाखवत असताना, तिची साखर उतरली. हात थरथरायला लागले. तिने नैवेद्याच्या ताटातला लाडू उचलला आणि गौरींना दाखवायच्या आधीच तोंडात टाकला. त्या घरच्या सासूबाईंचा चेहरा उतरला. माधवी भरल्या तोंडाने म्हणाली, "आई, रागावू नका. आत्ता नाही खाल्लं तर मी इथेच पडेन. मला साखरेचा आजार आहे, अकरा वर्षांची होते तेव्हापासून." हे सगळं महाराष्ट्राने बघितलं. चॅनेलवाले घाबरले, पण त्यांनी तिला काढलं नाही. कार्यक्रम उलट जास्तच चालला.

तेव्हा टाकव्याच्या किराणा दुकानात बाया नावाची एक बाई उभी होती. आंदर मावळात वर डोंगराच्या पोटाला हिरडेवाडी आहे, तिथली. तिच्या मुलीला, सुषमाला, तोच आजार होता. सरकारी दवाखान्यातून इन्सुलिनची बाटली मिळायची, पण वाडीत फ्रीज नाही, घरावर पत्रा, उन्हाळ्यात बाटली खराब व्हायची आणि पोरगी पुन्हा पुन्हा दवाखान्यात. दुकानातल्या टीव्हीवर लाडू खाणारी बाई बघून बायाने एवढंच विचारलं की ही राहते कुठे. आणि माधवीच्या गावी, कान्ह्याच्या फाट्यावर येऊन ती तिची वाट बघत थांबली.

त्या रविवारी माधवी मातीचे दोन माठ घेऊन हिरडेवाडीला गेली, एक मोठा आणि एक लहान. लहान माठ मोठ्यात ठेवायचा, मधे वाळू भरायची, वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने ओली करायची, आणि आतल्या माठात बाटली ठेवून वर ओलं फडकं घालायचं. बाटली गार राहते. हे तिने बायाला, तिचा नवरा सावळाला आणि सावळाच्या आईला, येसूबाईला, तीन-तीनदा करून दाखवलं. त्या वर्षी सुषमा एकदाही दवाखान्यात गेली नाही. मग पलीकडच्या वाडीतला उमेश आला, धरणापल्याडची चंपा आली. तिघांकडे माधवीने स्वतः माठ ठेवले. सुट्टीच्या दिवशी चॅनेलची तीच जीप मागून घेऊन आदिनाथ तिला न्यायचा. तिच्या तळपायांना कळत नसे, म्हणून चढावर तो तिच्या मागे चालायचा आणि तिच्या चपलांकडे बघत राहायचा. खडा रुतला, रक्त आलं, तर तिला समजणार नव्हतं. प्रदीपने वाडीवर एपिसोड करायचा म्हणून फार गळ घातली. माधवीने सांगितलं, पोरांच्या सुया दाखवायच्या नाहीत, माझी दाखव हवी तर.

येसूबाईने एकदा तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि एक जुनं पण धुतलेलं खणाचं कापड. म्हातारी म्हणाली, दुसऱ्यांच्या पोरींना म्हायारी नेतीस, तुजं म्हायार आता ह्ये. माधवीचे आईवडील केव्हाच गेले होते. घरी येताना ती गाडीत ओटीचं कापड मांडीवर धरून बसली. त्या दिवसापासून सावळा आणि बाया आदिनाथला दाजी म्हणायला लागले.

नवव्या दिवशी चॅनेलची माणसं कान्ह्याला आदिनाथच्या घरी आली. 'माहेरची गाडी' सोबत आणली होती, ताज्या झेंडूच्या माळा घालून. अंगणात कॅमेरा लावला, माधवीचा फोटो खुर्चीवर ठेवला. प्रदीपचं म्हणणं होतं की आदिनाथने फक्त दोन शब्द बोलावेत, बाकी ते बघतील. आदिनाथ घोंगडीवर बसून होता. थोरला भाऊ मारुती उद्याच्या दहाव्याची तयारी बघत होता. त्याची बायको नंदावहिनी आत बायकांत.

सावळा फाटकाशी येऊन उकिडवा बसला. कॅमेरा बघून तो आत येईना. आदिनाथनेच त्याला हाताने बोलावलं.

सावळा म्हणाला की यायला उशीर झाला, पण बातमी कळली तेव्हाच घरात सुतक धरलं. लेकीचं धरायचं असतं तेवढं धरलं. आईनं चूल पेटवू दिली नाही. घरातलं साठवलेलं पाणी ओतून दिलं.

"मडकीबी सगळी फोडली," तो म्हणाला. "आयनं सौता फोडली. घरची लेक गेली म्हनल्यावर घरात मडकं ठेवायचं नसतंय."

आदिनाथ मान हलवत ऐकत होता. मान हलायची थांबली.

"कुटली मडकी?"

"सगळी. पान्याची, ताकाची."

"आन सुषमाचा माठ?"

"त्योबी. आय म्हनाली, त्यो तर ताईच्याच हातचा, त्यो ठेवून कसं चालंल." सावळाने आदिनाथच्या तोंडाकडे बघितलं आणि घाईने म्हणाला, "बाटली न्हाई टाकली हां दाजी. बाटली फळीवर ठेवलीया, गोधडीत गुंडाळून. सुई रोज देतोय, चुकवली न्हाई. दहावा झाला की बेस्तरवारच्या बाजारात नवा माठ आनायचाच हाय."

वैशाखाचं ऊन होतं. अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. आदिनाथच्या डोळ्यासमोर हिरडेवाडीचं ते घर आलं, हात वर केला की लागणारा पत्रा आणि पत्र्याखालची फळी.

"सुषमा कशीय?" त्याने विचारलं.

सावळाचा आवाज खाली गेला. पोरीने ताईचा फार घोर घेतला, असं तो म्हणाला. दिवसभर पाणी पाणी करते. जेवत नाही. कालपासून उलट्या. आज पहाटे ताईचं नाव घेतलं आणि पुन्हा झोपली, उठवलं तरी नीट उठेना. येसूबाईने मीठ-मिरची उतरून टाकली.

"घोर न्हाई त्यो," आदिनाथ म्हणाला आणि उठला.

तो सरळ आतल्या खोलीत गेला. फ्रीजच्या दारात माधवीच्या इन्सुलिनच्या बाटल्या तशाच उभ्या होत्या. नऊ दिवसांत त्याने तो फ्रीज उघडला नव्हता. त्याने दोन बाटल्या घेतल्या, सुया घेतल्या, साखर तपासायचं मशीन घेतलं. वळला तर दारात मारुती.

मारुतीने शांतपणेच समजावलं. उद्या दहावा आहे. ज्याने अग्नी दिला त्याने असं सुतकात गावभर फिरायचं नसतं. दुसऱ्या कुणाला पाठवू, शेजारच्या सत्यमला पाठवू, तो मोटरसायकलवर जाईल. लोक काय म्हणतील तो भाग सोड, माधवीच्या जिवाला बरं आहे का हे.

"दादा, सत्यमला सुई देता येत न्हाई."

"आरं पन..."

"पोरगी मरंल, दादा."

मारुती दारातून हलला नाही. त्याच्या मागून नंदावहिनी आली, हातात थर्मास घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं, तिने आपणच बर्फ भरला होता. मारुतीकडे न बघता ती म्हणाली, "बाजूला व्हा वाईच." मग तो झाला.

आदिनाथची क्रेन उर्स्याला होती. त्याने प्रदीपकडे जीपची किल्ली मागितली. प्रदीप म्हणाला, दादा, दोन मिनिटांचं काम आहे, बोलून घेऊ आणि मग. एवढं बोलून त्याने आदिनाथकडे नीट बघितलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

टाकव्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि धरणाच्या कडेने जातो. आदिनाथने गाडी कधी एवढी जोरात चालवली नव्हती. त्याच्या धंद्यात जोरात चालवणाऱ्यांचं काय होतं ते तो रोज बघत होता. झेंडूची माळ काचेवर आपटत होती. एका वळणावर त्याने हात बाहेर काढून ती ओढली आणि टाकून दिली. सावळा पुढची दांडी धरून बसला होता.  मग त्याने विचारलं, सुई दिली तरी असं कसं झालं. आदिनाथने सांगितलं की औषध उन्हाने मेलं असणार, तुम्ही रोज तिला नुसतं पाणी टोचत होता. सावळाने तोंडावर पंचा धरला. 

हिरडेवाडीच्या विहिरीवरच्या बायकांनी जीप येताना बघितली. ती गाडी माधवीशिवाय कधी वर आलीच नव्हती. बायकांनी हंडे खाली ठेवले आणि तिथेच रडायला सुरुवात केली. आदिनाथ त्यांच्यातून वाट काढत घराकडे गेला. बांधाच्या कडेला माठाच्या खापऱ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यात वाळूचा ढीग, सुकून पांढरा झालेला.

सुषमा घोंगडीवर पडली होती. तिचा श्वास मोठा आणि खोल चालला होता, लांबून धावत आल्यासारखा. आदिनाथ तिच्या तोंडाजवळ वाकला. पिकून उतरलेल्या फळांसारखा वास आला. तो वास त्याला ठाऊक होता. लग्नानंतर एकदा तापात माधवीचं असंच झालं होतं, तेव्हा चार दिवस तो हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता. त्याने सुषमाचं बोट टोचून मशीनला लावलं. मशीनने आकडाच दाखवला नाही. साखर फार वर गेली की ते आकडा दाखवत नाही. फळीवरची गोधडी उलगडली तर बाटली हाताला कोमट लागली.

वाडीत फोन लागत नाही. खालच्या वळणावर, आंब्याच्या झाडाशी लागतो. आदिनाथने पोरीला उचलून गाडीत घातलं. बाया तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वळणावर त्याने गाडी थांबवून माधवीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी श्वास कसा आहे विचारलं, शुद्ध किती आहे विचारलं, मग ताज्या बाटलीतून किती द्यायचं ते सांगितलं आणि म्हणाले की बाकी सगळं इथे, तुम्ही फक्त निघा.

मधे काही दिवस साखरेमुळे माधवीच्या डोळ्यांत रक्त उतरून तिला दिसेनासं झालं होतं. त्या दिवसांत तोच तिला सुई द्यायचा. औषध किती ओढलं ते तो मोठ्याने म्हणायचा आणि ती म्हणायची, टोचा आता, कीर्तन नको. आदिनाथने औषध ओढलं आणि सवयीने किती ते मोठ्याने म्हटलं. कीर्तन नको म्हणायला कुणी नव्हतं. त्याने सुई दिली आणि गाडी सुरू केली.

कान्ह्याचं रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. पुढे टेम्पो, मागे बस, हलायला जागा नाही. लोकांनी जीप ओळखली. एकाने हात जोडले. एक बाई बसमधून उतरून आली आणि बॉनेटला हात लावून कपाळाला लावला. मग तिची नजर आत गेली आणि ती मागे सरकली. आदिनाथ आरशातून सुषमाच्या छातीकडे बघत होता. श्वास मधेच थांबतोय असं वाटायचं आणि पुन्हा यायचा. बाया हळू आवाजात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, ताईच्या गाडीत बसलीयस तू, बग, ताईच्या गाडीत बसलीयस. मालगाडी आली. ती संपता संपेना. सावळा खाली उतरून टेम्पोवाल्याला काहीतरी सांगून आला. फाटक उघडलं तसा टेम्पोवाल्याने टेम्पो थेट बाजूच्या मातीत घातला आणि जीपला वाट करून दिली.

तळेगावच्या हॉस्पिटलात डॉक्टर दारातच उभे होते. पोरीला आत नेलं आणि दार लागलं. संध्याकाळपर्यंत कुणी नक्की काही सांगेना. येसूबाई दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून मागाहून आली होती. ती बाकावर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. बऱ्याच वेळाने तिने आदिनाथला जवळ बोलावलं.

"जावयबापू," ती म्हणाली, "माज्या हातनं झालं व्हय ह्ये?"

आदिनाथ तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्याला खोटं बोलता आलं नाही आणि हो म्हणायचंही नव्हतं.

"आमच्याबी ध्यानात आलं न्हाई, मावशी. माठ कोरडा पडू द्यायचा न्हाई, एवढंच ती सांगत ऱ्हायली. ती गेल्यावर काय, ह्ये तिलाबी सुचलं न्हाई आन मलाबी."

"मग लेकीचं सुतक धरायचं न्हाई का?"

"धरायचं. पन सुषमाचा माठ त्यात धरायचा न्हाई. मी गेलो, तुमी गेला, कुनीबी गेलं तरी. त्या माठाला सुतक न्हाई."

म्हातारीने ते मनात घोळवलं. मग मान हलवली आणि पुढे ते बायाला सांगितलं, सावळाला सांगितलं, आणि पाणी द्यायला आलेल्या हॉस्पिटलच्या मावशीलाही सांगितलं.

सकाळी सुषमाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की आता धोका टळला, चार-पाच दिवस ठेवू. आदिनाथ तिथून तसाच इंद्रायणीच्या काठी गेला. दहाव्याची माणसं खोळंबली होती. मारुतीने एवढंच विचारलं, "वाचली का?" आदिनाथने मान हलवली आणि विधीला बसला.

विधी झाला. लहान मडकी घेऊन कुंभार आला होता. आदिनाथने त्याला मोठे माठ आहेत का विचारलं. कुंभाराला ते विचित्र वाटलं, दहाव्याच्या दिवशी कुणी घरात न्यायला माठ घेत नाही. आदिनाथने तीन घरांसाठी मोठ्या-लहान माठांच्या तीन जोड्या घेतल्या.

एक जोडी त्याने हिरडेवाडीला येसूबाईच्या हाताने ठेववली. वाळू ओली करून आत हात घालून बघितला, गार होता. उमेशच्या घरी गेला. तिथे काहीच फुटलं नव्हतं, उमेशची आई म्हणाली, आमच्या घरी ताई पाहुणी म्हणून यायची, आमी कशाला सुतक धरू. ते ऐकून आदिनाथला आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं.

चंपाच्या घरी माठ फोडलेला होता. तिची बाटली त्यांनी खालच्या गावात दूध डेअरीच्या फ्रीजमध्ये ठेवली आहे. तिचा बाप रोज दोन वेळा तिला घेऊन खाली येतो आणि सुई देऊन परत वर जातो. चंपाच्या वाडीला जीप जात नाही, धरणाच्या कडेने पायवाटेनेच चढावं लागतं. पहिल्या खेपेला लहान माठ वाटेत तडकला आणि आदिनाथ अर्ध्यातून परत आला.

प्रदीपचा फोन येतो. दोन शब्द अजून बोलून झालेले नाहीत. चंपाचा माठ अजून ठेवायचा आहे.